प्लेस्टेशनची खंडेनवमी

इंद्रजीत आंघोळ करून बाहेर आला आणि बघतो तर आईनं त्याच्या प्लेस्टेशनला हळदीकुंकू लावलेलं. नुसतं हळदीकुंकू नाही, वर झेंडूचा हार, हाराखाली अक्षता, आणि दोन्ही रिमोट पाटावर शेजारीशेजारी निजवून एकेकाच्या छातीवर एकेक फूल. एका बाजूला आईची शिलाई मशीन, तिलाही हार. दुसऱ्या बाजूला कात्री, विळी आणि आबांच्या रिक्षाची किल्ली. उदबत्तीचा धूर सगळ्यांवरून सारखाच फिरत होता, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं म्हंजे? खंडेनवमी हाय की आज. हत्यारांची पूजा."

"हे हत्यार आहे होय?"

"मग काय हाय? शाळेपास्नं धरून बसलायस त्याला. माज्या हातात कात्री, तुज्या हातात ते." वच्छलाबाईंनी उदबत्ती खोचली. "दरसाल बिचारं कोपऱ्यातनं समद्यांकडं बघत बसायचं. औंदा म्हटलं, त्यालाबी लावावीत दोन बोटं."

इंद्रजीतला गहिवरून यायला हवं होतं. थोडं आलंही. पण गहिवर घशापर्यंत पोचायच्या आत त्याला खरी भानगड कळली आणि तो मटकन खुर्चीत बसला.

भानगड अशी, की वच्छलाबाई वळसंगहून जुळे सोलापुरात राहायला आल्या तेव्हा घर तिथंच सोडलं, शेरडं विकली, पण नियम सगळे बरोबर आणले. त्यातला हा नियम सगळ्यात कडक. नवमीला पूजा झाली की त्या हत्याराला त्या दिवशी विश्रांती. ज्याचं हत्यार त्यानं त्याला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी हार उतरवायचा, मग काम. म्हणून आज आई शिवणार नव्हती. भाजी कालच चिरून ठेवली होती. आबासाहेबांची रिक्षा दारात लिंबं चाकाखाली घेऊन उभी होती आणि आबासाहेब स्वतः पिशवी घेऊन पायी मार्केटला गेले होते. त्यांनी या नियमापुढं लग्न झाल्यापासून कधी तोंड उघडलेलं नाही.

आणि आज चन्नवीर येणार होता.

आता चन्नवीर कोण आणि प्लेस्टेशन कुठलं, हे सांगितल्याशिवाय इंद्रजीतची अडचण कळायची नाही. प्लेस्टेशन म्हणजे ते जुनं, दोन नंबरचं. त्याच्यानंतर तीन आलं, चार आलं, पाच आलं, आजकालच्या गेममध्ये म्हणे माणसाच्या नाकावरचा घामसुद्धा दिसतो. दिसू दे. इंद्रजीत आणि चन्नवीर हे शाळेपासूनचे जिगरी, आणि दोघांचं एकमत की जगात गेम फक्त त्या दोन नंबरवरच झाल्या, नंतरचे सगळे नुसते पिक्चर. डिस्क मिळायच्या नवी पेठेतल्या एका बोळात, वर मार्करनं काहीतरी खरडलेलं. बऱ्याचदा आत भलतंच निघायचं. त्यामुळं खरी नावं त्यांना कधी कळलीच नाहीत, त्यांची नावं यांनीच ठेवली. 'गाड्यांची'. ती तर काय, गाडी पुलावरून उडायची आणि हवेत असताना आवाज बंद व्हायचा, सगळं जग श्वास धरून थांबायचं, आणि खाली टेकली की मग एकदम धाडकन. 'कुस्तीची', जिच्यात मागं बसलेली माणसं पुठ्ठ्याची होती, पण तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या की अंगावर मूठभर मांस चढायचं. 'दवाखान्याची', जिच्यात भूत एकदाही दिसत नाही, नुसती खाट सरकते. ती खेळल्यावर चन्नवीर पुढं कितीतरी दिवस स्वतःच्या खाटेखाली चपला लावून झोपायचा, म्हणजे कुणाला शिरायला जागा नको. दवाखान्याची दोन नंबरला का गाड्यांची, यावरून दोघांचं आजपर्यंत भांडण आहे.

एक नंबरला मात्र भांडण नाही. एक नंबरला 'हत्तीची'.

हत्तीचीबद्दल बोलताना इंद्रजीतचा आवाज आपोआप खाली येतो. त्यात एक हत्ती आहे आणि त्याच्या पाठीवर एक अख्खं गाव वसलेलं होतं. होतं म्हणजे कधीकाळी. आता नुसत्या पडक्या भिंती, वडाची झाडं, कोरडी विहीर. तो चालतो तेव्हा ते गाव डुलतं. विहिरीचा रहाट आपणहून कुरकुरतो. तुम्ही म्हणजे एक एवढंसं पोरगं, आणि तुम्हाला त्याच्या शेपटीवरून चढून, गाव ओलांडून, डोक्यापर्यंत जायचंय. बस. मारामारी नाही, गोळीबार नाही. पहिल्यांदा ते गावात पोचले आणि खाली वाकून बघितलं, तर ढग खाली होते. दोघांनीही पाय वर घेतले. चन्नवीरची आई त्याला जेवायला बोलवायला आली, तिनंही टीव्हीकडं बघितलं आणि तीही पाय वर घेऊन बसली.

फक्त शेवट जमत नव्हता. शेवटाला हत्ती बिथरतो आणि कड्याच्या दिशेनं पळत सुटतो. पोरगं कानाला लोंबकळत असतं, हातात अंकुश. टोचलं की हत्ती डोकं झटकतो आणि पोरगं खाली. जोरात टोचा, हळू टोचा, डाव्या कानातून टोचा, सगळं करून झालं होतं. चन्नवीर नोकरीला हैदराबादला गेला, तरी दरवर्षी दसऱ्याला घरी यायचा, सोनं द्यायला इंद्रजीतकडं यायचा आणि दोघं बसून हत्तीवरून पडायचे. फोनवर शेवट सहज बघता आला असता. पण सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी दोघांनी शपथ घेतली होती, की बघायचा तर दोघांनी मिळून, आपल्या हातानं, याच मशीनवर.

या वर्षी चन्नवीरला जर्मनीची नोकरी लागली. विमान उद्या दसऱ्याचं, मुंबईहून. म्हणून तो आज नवमीलाच येऊन संध्याकाळच्या गाडीनं जाणार होता. परत कधी, त्याचं त्यालाच माहीत नाही. डिस्कही म्हातारी झालेली, कैकदा घालावी तेव्हा एकदा लागायची. तेव्हा आज नाही तर मग नाहीच.

चन्नवीर पाठीवर बॅग घेऊनच आत आला, पाटाकडं बघितलं आणि चपला काढायचा विसरला.

"काय बे इंद्या, मशीन वारलं का?"

"गप. पूजा केलीय आईनं."

"मग काढ की हार. लई टाइम नाही माझ्याकडं."

"हात लावायचा नाही म्हणे. विश्रांती आहे त्याला आज."

चन्नवीरनं बॅग खाली ठेवली आणि आवाजात साय ओतून हाक मारली. "काकू, नियम ज्याचं हत्यार त्याला ना? मग इंद्या नाही लावत हात. मी लावतो. माझं कुठाय ते?"

वच्छलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "तुजं न्हाय? सुट्टीभर हितंच पडून असायचास की. त्या बटणांची अक्षरं तुज्याच बोटांनी गेली. त्याच्यापेक्षा तुजंच जास्त हाय ते."

चन्नवीरला हा मान नाकारता येईना.

"काकू, मी उद्या देश सोडून चाललोय."

"जा की सुखानं. दही ठेवलंय हातावर द्यायला."

तेवढ्यात शेजारची दाक्षायणी दारात आली. हातात ब्लाऊज. तिचं माहेर अक्कलकोटचं, बोलायला लागली की थांबा म्हणायची सोय नाही. "वहिनी, तेवढी एक बाही राहिलीय बघा, उद्या दसऱ्याच्या पूजेला नेसायचीय साडी, आमच्या सासूबाई तर काय, ब्लाऊज नाही म्हटलं तर मलाच पाटावर बसवतील."

"आज न्हाय गं. मशीनला विश्रांती हाय."

"अय्यो, मग मी काय करू?"

वच्छलाबाई नियमाच्या कितीही पक्क्या असल्या तरी शिवायला घेतलेलं कापड वेळेवर न देणं हेही त्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्यांनी मशीनकडं बघितलं. मग इंद्रजीतकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"मशीन माजी हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "तुजी कुटं हाय?"

"आई, मला सुईत दोरा घालता येत नाही."

"दोरा घातलेलाच हाय."

अशा रीतीनं खंडेनवमीच्या भर दुपारी इंद्रजीत हार घातलेल्या शिलाई मशीनवर बसला. चन्नवीर समोरून कापड धरून. वच्छलाबाई हात पाठीमागं बांधून उभ्या, हात चुकून पुढं यायला नको म्हणून.

"पाय मार. हळू. हळू म्हटलं की रं. थांब. थांब म्हटल्यावर थांबायचं असतं."

"थांबत नाहीये ती."

"तुज्या पायाला सांग, मशीनला काय सांगतोस."

मशीन उधळली ती थेट गळ्यापर्यंत गेली. चन्नवीर कापडाबरोबर ओढला जाऊन मशीनवर आडवा झाला. शेवटी बाही लागली, पण अशी, की हात वर केल्याशिवाय ब्लाऊज घालताच येऊ नये आणि घातल्यावर खाली आणता येऊ नये. दाक्षायणीनं ते उजेडाला धरून बघितलं, जन्मात पहिल्यांदा तिला शब्द सापडेना.

"ओवाळायचंच आहे की," ती शेवटी म्हणाली. "हात वरच असतोय." आणि गेली.

इंद्रजीत उठला तेव्हा त्याच्या डोळ्यात एक चमक होती. "आई. तुझं हत्यार मी चालवलं."

"व्हय, दिसलं."

"मग माझं कुणी चालवायचं?"

वच्छलाबाईंनी पदर खोचला. नियम त्यांचाच, वाट त्यांनीच काढलेली. चन्नवीर तर हात जोडूनच उभा राहिला. "काकू, फक्त शेवटचं एवढं. पोरगं हत्तीवरनं पडू द्यायचं नाही. आम्ही सांगतो, तुम्ही दाबा."

त्यांनी प्लेस्टेशनला नमस्कार केला, रिमोटवरचं फूल उचलून कानामागं खोचलं आणि रिमोट आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांवर घेतला. डिस्कही त्यांनीच घातली. पहिल्या फटक्यात लागली. पूजेचा गुण म्हणायचा का काय, पण इंद्रजीत आणि चन्नवीरनं एकमेकांकडं बघितलं.

"हे बघ आई, फुली म्हणजे हो. गोल म्हणजे नको. चौकोन म्हणजे टोच."

"कुणाला टोचू?"

"हत्तीला."

"का, त्यानं काय केलंय?"

"काकू, कड्याकडं पळालाय तो. दाबा, चौकोन, चौकोन."

"चौकोन कुटं गेला?"

"अक्षरं गेलीत ना त्याची. डावीकडचं. तुमची डावी. घड्याळाकडची."

पोरगं पडलं. परत सुरू. परत पडलं. दोन्ही कानांत दोघं ओरडत होते, टीव्हीत वारं घोंघावत होतं, आणि वच्छलाबाई प्रत्येक वेळी पोरगं पडलं की "आगं बया" म्हणून रिमोटसकट उभ्या राहत होत्या. असं बरंच झाल्यावर फोन वाजला. आबासाहेब.

"इंद्रजीत, मी चौकात उभाय. झेंडूचं पोतं हाय, उसाची मोळी हाय. बस हितंच सोडून गेली. रिक्षा आण म्हणलो असतो, पण तुजी आई."

"जा दोघं," वच्छलाबाई म्हणाल्या. "चालत जावा, आज पळवाटा काढल्या तेवढ्या बास. बापाचं पाठीचं दुखणं हाय."

"आणि हे?"

थांबवायची सोय नव्हती. थांबायचं बटण चन्नवीरनं बारावीच्या सुट्टीत एका पराभवानंतर बुक्कीनं आत घातलं होतं. मशीन बंद करावं तर डिस्क परत लागेल याची खात्री नाही. इंद्रजीतनं आईसमोर बसून तिच्या हातांवर हात ठेवले. म्हणजे ठेवणार होता, नियम आठवून वरच धरले. "आई, ऐक. नुसतं धरून बस. काही म्हणजे काही दाबू नको. पडू दे त्याला, परत तिथूनच सुरू होतं. फक्त दाबू नको."

"न्हाय दाबत. जा."

चौक काही लांब नव्हता, पण आबासाहेब रिक्षावाले. पायी चाललेला रिक्षावाला सगळ्या सोलापूरला नवा. जो तो थांबवून विचारी, रिक्षा विकली काय. पोतं वाटेत उसवलं, रस्ताभर झेंडू, चन्नवीर पुढं पळून फुलं गोळा करतोय, इंद्रजीत मोळी खांद्यावर घेऊन वळला की मागच्याची टोपी उडतेय. घरी पोचले तेव्हा दोघांचे शर्ट पिवळे झाले होते.

आत शांत होतं. वारं नाही, घोंघावणं नाही. टीव्हीवर नुसती वाळू आणि वाळूत उभं असलेलं ते एवढंसं पोरगं. आणि वच्छलाबाई भिंतीला टेकून बसलेल्या, रिमोट मांडीवर, पदर डोळ्याला.

"आई, काय झालं?"

"बसला रं तो," त्या म्हणाल्या. "हत्ती बसला."

इंद्रजीतच्या खांद्यावरून ऊस घरंगळला.

"बसला म्हणजे? तू काय दाबलंस?"

"कायबी न्हाय. तूच म्हणालास न्हवं, कायबी दाबू नगं. मी आपली बसले धरून. ते पोरगं कानाला धरून बसलं. हत्ती पळाला, पळाला, मग जरा हळू झाला. मग आनखी हळू. मग थांबला की कड्यापाशी. आन बसला."

चन्नवीर बोटांवर हिशेब करायला लागला. एवढे दसरे. टोचायचं नव्हतंच. इतकी वर्षं त्यांनी त्या जनावराला एक क्षण शांत बसू दिलं नव्हतं.

"परत लाव," तो म्हणाला. "काकू, परत लावा. आता कळलं की. नुसतं धरून बसायचं."

इंद्रजीत मात्र टीव्हीकडं बघत होता. ती वाळू त्याच्या ओळखीची होती. ही शेवटाची वाळू नव्हती. "आई, संपल्यावर त्यानं काही विचारलं का?"

"इचारलं की. इंग्रजीत दोन वळी आल्या. एवढं समदं दाखवलं त्यानं, आन मी नको म्हणू? फुली दाबली."

म्हणजे गेम पहिल्यापासून सुरू झाली होती. जुनं जे काही राखून ठेवलेलं होतं, ते पुसून. शेपूट, गाव, विहीर, ढग, सगळं परत चढायचं. महिना सहज जाईल. चन्नवीरची गाडी संध्याकाळी.

आबासाहेब पोतं घेऊन आत आले, तिघांची तोंडं बघितली आणि न विचारता पाणी प्यायला गेले.

मग चन्नवीरनं बॅग बाजूला सरकवली, मांडी घातली आणि म्हणाला, "काकू, सांगा. सगळं. काही सोडू नका."

आणि वच्छलाबाईंनी सांगितलं. हात हवेत नेऊन, आवाज बारीक करून. हत्ती बसला तेव्हा त्याच्या पाठीवरच्या गावातली धूळ कशी उठली आणि सावकाश कशी खाली बसली. मग खाली कड्याखाली समुद्र होता, पण पाणी नव्हतं, आणि हत्तीनं डोळा मिटला आणि पाणी यायला लागलं. पहिल्यांदा नुसती रेघ. मग रेघ जाड झाली. मग हत्तीच्या पायापाशी आलं, गुडघ्याला आलं, पोटाला आलं, आणि वरच्या गावातली कोरडी विहीर आतून आवाज करायला लागली. "भरली रं ती," त्या म्हणाल्या. "इतकी पाखरं आली. कुटनं आली देव जाणे. आन त्या वडाला पालवी. एक पान आलं, मग दोन, मग मी मोजायचं सोडलं." दोघंही तोंड उघडं टाकून ऐकत होते. इंद्रजीतच्या अंगावर काटा आला तो उतरेचना. त्यानं आयुष्यात खेळलेल्या कुठल्याच गेममध्ये असं चित्र नव्हतं, आणि हे तर त्यानं बघितलंच नव्हतं.

"आणि पोरगं?" चन्नवीरनं विचारलं. "ते खाली उतरलं का?"

"उतरलं का..." वच्छलाबाई थांबल्या. "थांब हं. ते कानाशी बसलं होतं. पाणी वर आलं. हत्तीनं सोंड अशी वर नेली, त्याच्यापाशी. पोरगं उठलं..."

"मग?"

"मग मला रडूच आलं. पदर लावला डोळ्याला. पदर काढला तवर समदं पांढरं झालं होतं."

चन्नवीरनं कपाळावर हात मारला.

"काकू, नेमका तेव्हाच पदर?"

"आता रडू काय तुला इचारून येणार हाय?"

स्टेशनवर जाईपर्यंत दोघांचं भांडण चालू होतं. चन्नवीर म्हणाला, उतरलं असणार, सोंड कशाला मग वर नेली. इंद्रजीत म्हणाला, तिथंच राहिलं असणार, विहिरीला पाणी आल्यावर गाव सोडून कोण जातंय. गाडी हलली तरी चन्नवीर दारातून ओरडत होता, "उतरलं बे, उतरलं." फोन दोघांच्याही खिशात होते. कुणी काढला नाही.

दसऱ्याच्या सकाळी इंद्रजीतला जाग आली ती वाऱ्याच्या आवाजानं. बाहेर येऊन बघतो तर सगळ्या हत्यारांचे हार उतरलेले आणि आई टीव्हीसमोर, हातात रिमोट.

"आई?"

"मला बगायचंय ते उतरतं का. हितनं पुढं कसं जायचं सांग."

त्यानं चन्नवीरला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन शिलाई मशीनला टेकवून उभा केला. चन्नवीर विमानतळावर, गळ्यात कसला पट्टा, मागं माणसं पळतायत. त्यानं टीव्ही बघितला आणि तिथंच जमिनीवर मांडी घातली.

"काकू, सरळ चला. पुढच्या टेकडीकडं."

वच्छलाबाई चालल्या. वाळू, वारं, परत वाळू. टेकडी जवळ आली, एवढी मोठी की वरचा काठ दिसेना. मग टेकडीनं पाय उचलला.

पाऊल त्यांच्या डोक्यावरून सावकाश पलीकडं गेलं, सावली सगळ्या पडद्यावरून सरकली आणि कितीतरी लांब जाऊन ते टेकलं, तेव्हा वाळू थरथरली. वच्छलाबाईंच्या हातातला रिमोट तसाच राहिला. त्या मान वर करून बघत होत्या, टीव्हीच्याही वर, छताकडं.

"काल म्या वर बसले होते," त्या हळूच म्हणाल्या. "कळलंच न्हाय रं, केवढा हाय ते."